किल्ला शेजारच्या वाफ्यात गेला तेव्हा

आमच्या घरातला सगळ्यात मोठा नकाशा पिठाचा होता. शरदकाका तो दर रविवारी काढायचा. आई पोळ्यांची कणीक मळून झाकून ठेवायची, परात रिकामी व्हायची, आणि काका ती पालथी घालून तिच्यावर मूठभर कोरडं पीठ पसरायचा. मग तर्जनीनं समुद्र काढायचा, पर्वत काढायचा, नद्या काढायचा. त्याचं बोट सुरेख चालायचं. "हे बघ नंदा," तो म्हणायचा, "वर डोंगर, खाली पाणी. हे कंपाउंड माणसानं घातलेलं नाही. देवानं स्वतः घातलंय, आणि आत कुणी राहायचं तेही त्यानंच ठरवलंय." पहिल्या रविवारी नकाशा परातीत मावला. पुढच्या रविवारी काबूल आणि कंदाहार काठाला टेकले. दिवाळी जवळ आली तसा पूर्वेकडचा भाग परातीवरून उतरून टेबलावर आला, कारण तिकडेही आपली देवळं होती. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "शरद, तुझा देश आवर जरा. त्याच पिठाच्या पोळ्या लाटायच्यात." सगळे हसायचे. काका सगळ्यात जास्त हसायचा.

शरदकाका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ, साताऱ्याचा. न्युरेम्बर्गच्या एका कारखान्यात आठ महिन्यांच्या प्रशिक्षणाला आला होता आणि आमच्याकडे राहत होता. बाबा आधीपासून तिथे इंजिनियर. कारखान्यानं दिलेलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, अडीच खोल्यांचं. काका आल्यापासून मी आणि माझा धाकटा भाऊ अजित स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपायला लागलो, पण आमची काही तक्रार नव्हती. काका लसूण सोलत सोलत लढाया सांगायचा. त्याला घोड्यांची नावं पाठ होती. बाबांना इतिहासाचं तेवढं वेड नव्हतं. "आमचे पूर्वजही पानिपतावर गेले होते का हो?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जे गेले ते परत आले नाहीत. जे गेलेच नाहीत, त्यांचे आपण वंशज." काकाला ते लागलं. "दादा, चेष्टा करू नका. देवानं हे राष्ट्र वाढण्यासाठीच घडवलंय. मधे ओहोटी आली, एवढंच." बाबा म्हणाले, "या, या," आणि पान उलटलं. जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो', मराठीत ते पाहुण्याला निरोप देताना म्हणतात. बाबांच्या तोंडी ते नेमकं कुठल्या भाषेतलं असायचं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

बाबांना जाऊन चार महिने झाले. त्यांची खोली मी अजून पुरती आवरलेली नाही. एक कपाट उघडते, दोन वस्तू बाहेर काढते, एक परत ठेवते. लिहायला बसते तेव्हा त्यांचं म्हातारपण आठवत नाही, तो शरद ऋतू आठवतो, आणि हे लिहिताना दुःखापेक्षा सुटल्यासारखंच जास्त वाटतं. ते का, हे मला इथे मांडायचं आहे.

काकाचं बोलणं मला पटत होतं. मी बारा वर्षांची होते. शाळेत माझ्या वर्गात मी एकटीच सावळी. मुली चांगल्या होत्या, पण त्या मला विचारायच्या की तुमच्याकडे घरात साप येतात का, तुम्ही हातानं जेवता तर सूप कसं पिता. मी उत्तरं देत असे, आणि उत्तरं देता देता लहान होत जात असे. काकाच्या पिठाच्या नकाशात मात्र मी मोठी होते. देवानं निवडलेल्या माणसांत आपलं नाव आहे, हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? मला तर फार आवडलं. आज फोनवर नातेवाईक तसलेच नकाशे पाठवतात, भगव्या उजेडानं उजळलेले, मागे शंखनाद. ते पाठवणाऱ्यांवर मला रागावता येत नाही, कारण त्या पिठात माझं बोटही बुडालेलं होतं.

आमच्या दारासमोर, त्याच मजल्यावर, फ्राऊ हार्टविग, म्हणजे हार्टविगबाई, राहायच्या. एकट्याच होत्या. टपाल कचेरीत सकाळच्या पाळीला जायच्या, दुपारी एकला घरी. आई एका इस्पितळाच्या धुलाईघरात पाच वाजेपर्यंत काम करायची, त्यामुळे शाळा सुटल्यावर मी आणि अजित त्यांच्याकडे. त्यांच्या घराला शहाजिऱ्याचा आणि इस्त्रीच्या कपड्यांचा वास होता. कॉफी दळायचं हाताचं यंत्र गुडघ्यांत धरून त्या फिरवायच्या, आणि तो घरघर आवाज थांबला की घरात दुसरा आवाज नसायचा. राय धान्याच्या काळसर ब्रेडवर घट्ट चक्का, त्यावर कांद्याची बारीक पात. मग अजित गृहपाठ करायचा आणि मी वाचायचे. माझ्या आयुष्यातली पहिली दोनशे पुस्तकं मी त्यांच्या खिडकीशी बसून वाचली. त्या जवळ घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण मी वाचता वाचता अडले, तर माझ्याकडे न बघताच त्यांना ते कळायचं. "कुठला शब्द?" असं विचारायच्या. पुढे चाळीस वर्षं मी ग्रंथालयात काम केलं, ते त्या खिडकीमुळे.

इमारतीच्या मागच्या अंगणात प्रत्येक बिऱ्हाडाला भाजीचा एकेक वाफा होता. आमचा भिंतीकडचा, त्याला लागून फ्राऊ हार्टविगांचा. मधे दोन खुंट्या आणि एक सुतळी. आमच्या वाफ्यात आई उन्हाळ्यात मेथी आणि कोथिंबीर लावायची, आणि दिवाळीत तिथे किल्ला व्हायचा. नोव्हेंबरातली माती इतकी गार असायची की बोटं बधिर व्हायची. तरी आम्ही दगड रचायचो, पोतं भिजवून टाकायचो, वर आळीव पेरायचो. जर्मन लोक आळिवाची कोवळी पानं अंड्याबरोबर खातात, म्हणून बी कुठल्याही दुकानात मिळायचं. ते पेरायचं चार दिवस आधी आणि वर जुनी खिडकीची काच झाकायची, नाहीतर उगवत नसे. मातीचे मावळे आईनं भारतातून कापसात गुंडाळून आणलेले. वरच्या बुरुजावर महाराजांची मूर्ती. आत घरात आई नाताळची बिस्किटं पाडायच्या यंत्रातून चकल्या पाडायची, ओटच्या पोह्यांचा चिवडा करायची, आणि हे सगळं दुपारी एकच्या आत, कारण एक ते तीन इमारतीत शांतता पाळायचा नियम होता.

त्या वर्षी काका म्हणाला, "एकच किल्ला काय करायचा? सगळं राज्य दाखवू." सकाळच्या उन्हाकडे बघून त्यानं उत्तर ठरवली, काठीनं रेघा मारल्या. इथे रायगड, इथे पुणे, ही नर्मदा, चॉकलेटच्या चंदेरी कागदाची. दिल्ली सुतळीपाशी आली. अटक सुतळीच्या पलीकडे पडत होतं.

"पलीकडे फ्राऊ हार्टविगांचं आहे," मी म्हटलं.

काका हसला. "अगं, अटकेपार झेंडे लावायचे म्हणजे कुठलीतरी सुतळी ओलांडावीच लागते. देवानं दिलेल्या जागेला कुंपण नसतं." एवढं बोलून तो पाळीला गेला. आज मला वाटतं, तो गमतीनंच बोलला होता. निदान अर्धा गमतीत असावा. मी मात्र ती आज्ञाच मानली. फ्राऊ हार्टविग आठवडाभर बहिणीकडे हॅनोव्हरला गेल्या होत्या. विचारायला कुणी नव्हतं, आणि विचारायचं असतं असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

अजित सात वर्षांचा होता. आम्ही मराठीत बोललो तरी तो जर्मनमध्येच उत्तर द्यायचा. "हा वाफा आपला नाही," तो म्हणाला.

"देवाचा आहे," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मग देवाला विचार." मी त्याच्या हातात बादली दिली. खुंट्या उपटल्या. थंडीतली कोशिंबिरीची पानं लहान लहान गुच्छांत उगवलेली होती, ती उपटली. जाड पातीचे लांबडे कांदे होते, ते उपटून भिंतीशी ढीग घातला. कोपऱ्यात एक चपटा दगड होता, त्याच्याभोवती जांभळ्या बारीक फुलांची एरिकाची तीन झुडपं. इथे लोक ती थडग्यांवर लावतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. झुडपं मी मुळांसकट काढली. दगड छान सपाट होता, म्हणून त्यावर अटकेचा किल्ला रचला आणि वर झेंडा लावला. संध्याकाळी काकानं माझ्या पाठीवर थाप मारली. इतका आनंद मला त्या वर्षात कशानंच झाला नव्हता, हेही खरं लिहायला हवं.

फ्राऊ हार्टविग ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी परत आल्या. मी अंगणात मावळे मांडत होते. त्या हातात बॅग घेऊन मागच्या दारानं आल्या आणि थांबल्या. ओरडल्या नाहीत. बॅग खाली ठेवली, भिंतीपाशी गेल्या, एरिकाची झुडपं उचलून त्यांची मुळं बघितली. दोन दिवस उघडी पडून ती कडक झाली होती. मग मला विचारलं, "दगड कुठे आहे?"

मी बोट दाखवलं. त्यांनी खाली वाकून दगड ओढून काढला. बुरूज ढासळला. कोटाच्या बाहीनं त्यांनी दगडावरची माती पुसली, तो छातीशी धरला, आणि बॅग तिथेच टाकून वर गेल्या. नंतर बाबांनी ती बॅग त्यांच्या दाराशी नेऊन ठेवली आणि घंटी वाजवली. बाबा आमच्या घरात परत आल्यावर त्यांचं दार उघडलं, बॅग आत गेली, दार बंद झालं.

ते दार आमच्यासाठी मग उघडेना. शाळेतून आल्यावर मी घंटी वाजवायचे, आतून पावलं यायची, थांबायची, परत जायची. मी आणि अजित जिन्यावर बसून राहायचो, पाच वाजेपर्यंत. दिवे मिनिटभरानं आपोआप विझायचे, अजित उठून पुन्हा लावायचा. त्यानं मला एकदाही बोल लावला नाही. मला एकच भीती होती, की आता त्या खिडकीशी मी पुन्हा कधीच बसणार नाही. पुस्तकांचं काही नाही, पुस्तकं शाळेतही होती. पण मी अडले की न बघता ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं.

घरात आईनं काकाला पोहे दिले आणि समोर उभी राहिली. "भावजी, एक विचारू? तुम्ही इतक्या लढाया सांगता. महाराजांनी फौजेला सांगितलं होतं ना, की रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचा नाही?"

"हो, वहिनी. सांगितलंच होतं."

"मग ते नेमकं कसं राहिलं सांगायचं पोरीला?"

आई पुढे म्हणाली, "अख्खा वाफा उपटला तुमच्या फौजेनं. देठ तर सोडाच." मी तोपर्यंत समजत होते की किल्ला आणि पिठाचा नकाशा एकच गोष्ट आहे. त्या नाश्त्याला मला पहिल्यांदा त्या दोन वेगळ्या दिसल्या.

बाबा मला एका शब्दानंही रागावले नाहीत, आणि ते जास्त जड गेलं. त्यांनी एक पत्र लिहिलं. समोरासमोर राहणाऱ्या शेजारणीला पत्र लिहून खालच्या टपालपेटीत टाकणं काकाला विचित्र वाटलं, पण बाबांना इथली माणसं माहीत होती. घंटी वाजली की दार उघडावं लागतं. पत्र वाचून विचार करता येतो. पत्रात तीनच वाक्यं होती, मी ती वाचली: माझ्या मुलीनं तुमची जमीन घेतली. चूक तिची एकटीची नाही, माझ्या घरातली आहे. जमीन परत कशी करायची, ते तुम्ही सांगा.

रविवारी सकाळी त्या ते पत्र हातात घेऊन आमच्याकडे आल्या. स्वयंपाकघरात बसल्या. आईनं चहा ठेवला, चकल्या ठेवल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. काका उठून उभा राहिला आणि आपल्या शिकाऊ जर्मनमध्ये म्हणाला, "दोष माझा आहे. मी तिला सांगितलं. पण तुम्हाला तरी समजेल. तुमचीही पूर्वेकडची जमीन गेली ना? तुमच्यावरही अन्याय झाला."

"आल्झो, हे बघा," फ्राऊ हार्टविग म्हणाल्या, आणि चकलीचा तुकडा बशीत परत ठेवला. "ती जमीन आमची नव्हती."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी इथे त्यांच्यासारखंच सरळ लिहिते. त्या मूळच्या आणखी पूर्वेकडच्या, युक्रेनच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जर्मन शेतकऱ्यांतल्या. लढाई सुरू झाल्यावर सरकारनं त्यांना आगगाडीनं पोलंडमध्ये आणलं आणि एक घर दिलं. स्टेशनवर गणवेशातला एक माणूस होता आणि एक पाद्री. पाद्री म्हणाला, प्रभूनं तुमच्यासाठी जागा रुंद केली आहे. घरात गेले तर चुलीवर बटाट्यांचं पातेलं होतं, आणि ते गरम होतं. घरच्यांना त्याच सकाळी हाकललेलं. "आई जेवायला तयार होईना. वडिलांनी हात जोडले, देवाचे आभार मानले की त्यानं आमच्यासाठी पान वाढून ठेवलं. मग आम्ही जेवलो. भूक लागली होती. वर एका खाटेवर गादीला खळगा पडला होता, माझ्याएवढ्या मुलीचा. मी त्यात झोपले. पाच वर्षं झोपले."

चहा उकळून वर आला, आईनं गॅस बंद केला.

"मग रशियन आले आणि आम्ही चालत निघालो. जानेवारी होता. आई वाटेत गेली, धाकटा भाऊही गेला, पाच वर्षांचा. जमीन गोठलेली, खणता येत नव्हती. कुठल्या रस्त्याच्या कडेला ते मला माहीत नाही. म्हणून तो दगड. नदीवरून आणलेला साधा दगड आहे. एक झुडूप आईचं, एक भावाचं."

"तिसरं?" आईनं विचारलं.

"जिच्या खाटेत मी झोपले तिचं. ती जगली का, ते मला माहीत नाही."

काका हळूच म्हणाला, "पण ते लोक वेगळे होते. ते दुष्ट होते. आम्ही धर्माचं बोलतो."

"तो पाद्री चांगला माणूस होता, माने साहेब," त्या काकाला म्हणाल्या. "फार चांगला. आम्हा मुलांना स्वतःची साखर द्यायचा."

काका खाली बसला. त्यानं वाद घातला नाही, पण त्याचं मत बदललं असंही मी म्हणणार नाही. तो भारतात परतला, छोट्या पुस्तिका लिहू लागला, म्हातारपणी फोनवर रोज नकाशे पाठवू लागला. बाबा प्रत्येक नकाशाला एकच उत्तर द्यायचे, न्युरेम्बर्गचं हवामान. आज ढगाळ. आज पाच अंश. आज ऊन आहे, फिरून आलो. त्या दिवसानंतर पिठाचा नकाशा आमच्या परातीवर पुन्हा उमटला नाही. बाबांनी मनाई केली म्हणून नव्हे. फ्राऊ हार्टविग गेल्यावर बाबांनी परात उचलली, शांतपणे घासली, पुसली, आणि काकाला म्हणाले, "शरद, बटाटे सोलायला बस." मला बापाची भीती वाटायला हवी होती, त्याऐवजी त्या क्षणी मी श्वास सोडला. तो माणूस कुठल्या बाजूला उभा राहील, याची मला शंका होती. ती तिथे संपली, आणि पुढची पन्नास वर्षं पुन्हा आली नाही. त्यांच्या उशाशी बसले होते तेव्हाही मला हेच आठवत होतं.

त्या रविवारी जाताना फ्राऊ हार्टविग दारात थांबल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तू कुणाला विचारलंस का?"

"नाही."

"का?"

"देवानं दिलंय असं वाटलं."

त्यांनी मान हलवली. "मलाही तेच सांगितलं होतं. मीसुद्धा बाराच वर्षांची होते. मंगळवारी चारला अंगणात ये. फावडं आण."

मंगळवारी मी साडेतीनलाच जाऊन उभी राहिले. त्यांनी बाजारातून एरिकाची तीन नवी झुडपं आणली होती. माती मी खणली, दगड त्यांनी ठेवला. सुतळी पुन्हा बांधताना मी खुंटी आमच्याच बाजूला वीतभर सरकवून ठोकली. त्यांनी ती उपटली आणि पहिल्या जागी लावली. "जास्त द्यायचं नाही, कमी द्यायचं नाही," म्हणाल्या. दोन झुडपं लावून झाली. तिसरं हातात घेऊन मी विचारलं, "हिचं नाव काय होतं?"

"माहीत नाही."

मला वाटलं मी काहीतरी चांगलं करावं. "आपण एखादं ठेवूया का? पोलिश मुलींची नावं मी वाचलीत."

"नको," त्या म्हणाल्या. "तिचं घर घेतलं, खाट घेतली. नाव तरी तिचं तिच्याकडे असू दे."

मी झुडूप लावलं, बोटांनी माती दाबली. अंधारून येत होतं. त्या फावडं घेऊन पुढे निघाल्या, मी मागून जिना चढले. त्यांनी कुलूप उघडलं, आत गेल्या, दिवा लावला. दार सताड उघडं होतं. मी पायपुसण्यावर उभी राहिले, चिखलाचे बूट, आत जावं की समोरच्या आमच्या दाराशी वळावं ते कळेना. आतून कॉफी दळायचा आवाज सुरू झाला आणि थांबला.

"नंदा," त्या आतूनच म्हणाल्या, "आत ये आणि दार लाव. ऊब बाहेर चाललीय."